भाचा हसतो कुठून

बिघडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. पोटापाण्यासाठी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, उरलेल्या वेळात लोकांच्या कामात नाक खुपसतो. त्यामुळे डॉक्टरीणबाई ताईच्या बाळाबद्दल सांगत होत्या तेव्हा सगळे प्रश्न मीच विचारले.

चेहरा हलवणाऱ्या नसा जन्मतःच नीट वाढल्या नव्हत्या. ओठ मिटत नाहीत, डोळे पुरते बंद होत नाहीत, हसू तर उमटणारच नाही.

"पण आतून हसतो का तो?" मी विचारलं.

"का नाही हसणार?" त्या म्हणाल्या. "शोधा की."

ताई फक्त चेहऱ्यातच शोधत राहिली. चौथ्या महिन्यात कंटाळून तिने बाळाला सांभाळणाऱ्या मावशींच्या हाती सोपवलं. "मी आले काय, गेले काय, याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. त्याला मी कोण, मावशी कोण, सगळं सारखंच." मला तिचा राग आला आणि कीवही आली.

रविवारी मी बाळापाशी ठाण मांडलं. पोरगं गळ्यापासून टाचेपर्यंत दुपट्यात करकचून गुंडाळलेलं. लोक चेहरा बघतातच, निदान बाकीचं तरी नीटनेटकं दिसावं, हा ताईचा हट्ट. आता झाकण न काढता मशीनचं काय कळणार? मी दुपटं सोडलं.

खुळखुळा वाजवला, टाळ्या पिटल्या, माकडासारखा ओरडलो. बाळ ढिम्म. मामाची किंमत कळली. भाऊजी आले, तेव्हा एक पाऊल जरासं वळलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "अरे, हा पसारा कोणी केलाय?"

दोन्ही पाय हवेत! बोटं फाकलेली, टाचा गादीवर धपाधप. चेहरा मात्र तसाच, शांत.

"ताई, परत ओरड!"

"वेड लागलंय का तुला?"

पुन्हा धपाधप. ताई मला झापायला दारात आली आणि पाय बघून थबकली. "थंडी वाजतेय का त्याला?"

"मावशी, तुम्ही बोला," मी गादीशेजारी बसलेल्या मावशींना म्हणालो. मावशी चार लाडाचे शब्द बोलल्या. पाय निवांत. "आता तू बोल, ताई."

ती जवळ येऊन वाकली, हात पुढे केला. "अरे... मी आहे," एवढंच कसंबसं म्हणाली.

लाथ थेट तिच्या मनगटावर बसली. ताई खाली बसली आणि दोन्ही पावलं तिने गालाशी धरली.

"किती दिवस आतल्या आत हसत होतास रे?"