बिनवासाचा

मी एक जुना सिलिंडर आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला स्वयंपाकघर आठवेल. पण माझ्यातला गॅस पेटत नाही, त्यावर वेल वाढतात. साखर कारखान्यात उसाची मळी आंबते तेव्हा हौदांतून कार्बन डायऑक्साइड निघतो. पूर्वी तो नुसता हवेत जाई. आता तो धरून, दाबून माझ्यात भरतात आणि पुसदचे मेकॅनिक शकीलभाई मला तांड्यावर आणतात. तिथे इंद्रजीतच्या लहानशा पॉलिहाऊसमधले काकडीचे वेल तो पितात.

तरुणपणी मी सोडावॉटरच्या कारखान्यात होतो. तिथे मला कोणी विचारत नव्हतं. इथे इंद्रजीतची आई सुखीबाई मला ओल्या फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "तुह्यामुळं पानं कशी चमकून राह्यली." मी सुखावून जायचो.

त्या सकाळी मात्र घात झाला. इंद्रजीतने माझी चावी फिरवली आणि नाक जवळ आणलं. घरच्या गॅसला वास येतो, मला येत नाही. शकीलभाईंनी हे सांगितलं होतं, पण सवयीपुढे आठवतंय कोणाला? "शकीलभाई, टाकी संपली वाटते. वासच येऊन नाही राह्यला," तो फोनवर म्हणाला. चावी तशीच उघडी ठेवून तो त्यांना आणायला फाट्यावर गेला.

मग सुखीबाई आत आली. माझ्या नळीच्या तोंडाशीच, खालच्या कोपऱ्यात निंदायला बसली. माझा वायू हवेपेक्षा जड, त्यात बाजूचे पडदे खाली सोडलेले; तो खालीच साचतो. "डोकं काहून जड झालं," ती पुटपुटली आणि बसल्या जागी कलंडली.

मित्रांनो, मला हात नाहीत. माझी फुसफुस विहिरीवरच्या मोटरच्या आवाजात बुडून गेली. ऊठ बाई, ऊठ, असं विनवत मी तिच्यावर तोच वायू ओतत होतो. माझा जीव तुटत होता आणि मला थांबता येत नव्हतं.

दोघे परत आले. मला बदलायला शकीलभाईंनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. वायू सुटत राहिला की माझा गळा गारठतो; त्यावर बर्फ जमला होता.

"अबे, हा तं चालू हाय. तुही माय कुठं हाय?"

सुखीबाईला पुसदच्या दवाखान्यात नेलं. तिने अजून डोळे उघडलेले नाहीत.

काल इंद्रजीतने दारावर टांगलेली तिची कामाची ओढणी काढली, तिची एक चिंधी फाडली आणि नळीच्या तोंडाला बांधली. वायू सुटला की ती फडफडते. मित्रांनो, ज्याला वास नाही त्याला निदान अशी एक खूण द्या. चिंधी हलत असेल तर आत पाऊल टाकू नका.

आज चावी बंद आहे, बाजूचे पडदे वर गुंडाळलेत, वारा खेळतो आहे. चिंधी हलत नाही. आता आत यायला हरकत नाही, सुखीबाई.