पॉपचं वजन धरून

गेल्या वर्षी ईस्टरला आम्ही सासऱ्यांना घरी ठेवून मरे नदीवर गेलो, ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही. कारण साधंच होतं. आमच्या जुन्या कॅम्पर ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, चार माणसं झोपायची आणि आम्ही चार होतो: मी, माझा नवरा वॉर्विक, पंधरा वर्षांची इमोजन आणि नऊ वर्षांची टिली. सासरे पाचवे. त्यांचं नाव अर्न, पण सगळे त्यांना पॉप म्हणतात, मीसुद्धा. सासूबाई, म्हणजे पोरींची नॅन, आदल्याच हिवाळ्यात वारल्या होत्या. पॉप म्हणाले, "जा तुम्ही. मला टोमॅटोंकडे बघायचंय." आमच्याकडे एप्रिलमध्ये हिवाळा तोंडावर असतो, टोमॅटोंकडे बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. हे आम्हाला ठाऊक होतं. एक तंबू जास्तीचा नेऊन त्यात आपल्यापैकी कोणालातरी झोपता येईल, हेही ठाऊक होतं. कोणी पुढे आलं नाही. मीही नाही.

चार दिवसांनी परतलो तर त्यांच्या फ्रीजमध्ये मी भरून ठेवलेले चारही डबे तसेच होते. चार दिवस माणूस टोस्टवर राहिला होता. "मजा आली," ते म्हणाले. मी डबे घरी आणले, धुतले आणि वॉर्विकला सांगितलं की आता मोठा ट्रेलर घ्यायचा.

आठवड्याभरात वॉर्विकला वाटायला लागलं की मोठा ट्रेलर ही मूळ त्याचीच कल्पना. मी वाटू दिलं. तो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात काम करतो आणि एखादी वस्तू घ्यायची तर तिचा अभ्यास केल्याशिवाय घेत नाही. तीन महिने अभ्यास झाला. जेवताना ट्रेलर, झोपताना ट्रेलर. शेवटी शहरातल्या एका विक्रेत्याकडून सहा जण झोपतील असा घेतला. बाहेर सरकणारं स्वयंपाकघर, गरम पाण्याचा नळ, आणि कप ठेवायला अकरा जागा. अकरा कप आमच्या घरात नाहीत. ट्रेलरचं वजन किती, हेही वॉर्विकनं विचारलं. विक्रेत्यानं सांगितलं, आणि वर ट्रेलरला थोपटून म्हणाला, "तुमची गाडी हसतखेळत ओढेल." त्यानं सांगितलेलं वजन रिकाम्या ट्रेलरचं होतं. रिकामा ट्रेलर घेऊन कोणी सुट्टीवर जात नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि आमच्या डोक्यात आलं नाही.

ट्रेलर अंगणात येऊन उभा राहिला त्या दिवशी पॉप बघायला आले. बूट काढून आत गेले आणि दाराजवळच्या खालच्या बिछान्यावर आडवे झाले. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईनात, तेव्हा टिली डोकावून आली. "पॉप छताकडे बघतोय," ती म्हणाली. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "लांबी बरोबर आहे." ते ऑक्टोबरमध्ये. जानेवारीपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं होतं की यंदा ईस्टर कधी आहे. फेब्रुवारीत त्यांनी मासेमारीचे गळ घासूनपुसून ठेवले. मार्चमध्ये नवे पायजमे आणले, दोन.

गुड फ्रायडेच्या सकाळी सगळं भरून झालं. पॉप एक लहानशी पिशवी घेऊन फाटकाशी उभे. वॉर्विकनं गाडीचं दार उघडून धरलं.

"बसा डॅड."

"वजन केलंत?"

"कशाचं?"

"सगळ्याचं."

"डॅड, आपण सुट्टीवर चाललोय. गहू नाही नेत आहोत."

"मी गव्हाचं विचारलं नाही."

इथे पॉपबद्दल सांगायला हवं. आमच्या गावी, टुनालूकला, धान्याच्या सायलोवर, म्हणजे मोठ्या कोठारावर, ट्रक तोलायचा जो वजनकाटा आहे, त्यावर ते एकतीस वर्षं बसले. हंगामात दिवसाला शंभर ट्रक यायचे. ज्याचा ट्रक ठरल्यापेक्षा जास्त भरलेला, त्याला परत पाठवायचं, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांनी मामा-काका पाहिला नाही. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांचे होणारे सासरेच बार्लीचा ट्रक घेऊन आले, तेव्हा त्यांनाही फावड्यानं बार्ली खाली ओढायला लावली. सासरे लग्नात त्यांच्याशी बोलले नाहीत. वर्षानुवर्षं गावात पॉपना कोणी फार मित्र नव्हते, पण टुनालूकच्या उतारावर एकाही ट्रकचे ब्रेक निकामी झाले नाहीत, आणि हे ते आपणहून कधी सांगत नाहीत.

तर आम्ही काट्यावर गेलो. तसा तो वाटेतच आहे. आता तिथे माणूस बसत नाही. कार्ड लावायचं, आकडा येतो. सुगी संपलेली, आवारात चिटपाखरू नव्हतं. वॉर्विकनं गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर नीट घेतलं. पॉप उतरून जुन्या खोलीच्या खिडकीपाशी गेले, कारण आकडा तिथेच दिसतो, आणि ऊन असं पडतं की अगदी जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. ती जागाही काट्यावरच येते. त्यामुळे माणूस गाडीत बसलेला असो की खिडकीपाशी उभा, वजन धरलं जातं. हे त्यांनी आम्हाला दोनदा समजावलं.

आमची गाडी आणि ट्रेलर, माणसं-सामानासकट, मिळून पाच हजार दोनशे किलोच्या वर जाता कामा नये. गाडीच्या दारावरच्या पट्टीत तसं लिहिलंय. वॉर्विकनं ती पट्टी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

"पाच हजार दोनशे ऐंशी," पॉप म्हणाले.

"ऐंशी म्हणजे काहीच नाही," वॉर्विक गाडीतून ओरडला.

 पॉप गाडीशी आले, आपली पिशवी काढली, काट्यावरून खाली उतरले आणि खोलीच्या कोपऱ्याशी मातीत उभे राहून, मान लांब करून जवळून खिडकीत बघितलं.

"पाच हजार दोनशे," ते म्हणाले. "बरोबर झालं. निघा तुम्ही."

 गाडीत टिली रडायला लागली.  ज्या माणसाला नेता यावं म्हणून हा अवजड प्रकार विकत घेतला, त्याचंच वजन त्यात बसत नव्हतं. सहा बिछाने मोजले होते, बिछान्यात माणूस असतो हे कोणी मोजलं नव्हतं.

"मी चालत जाईन घरी," पॉप म्हणाले. "टोमॅटो—"

"टोमॅटोंचं नाव काढलंत ना पॉप," मी म्हटलं, "तर मी इथेच गाडीखाली झोपेन."

मी उतरले आणि ट्रेलरचं मागचं दार उघडलं. "ऐंशी किलो," मी सगळ्यांना म्हटलं. "काढा."

इमोजननं सगळ्यात आधी आणि फार आनंदानं आपली अभ्यासाची पुस्तकं दिली. सुट्टीत ती उघडणार आहे असं ती महिनाभर सांगत होती. नऊ किलो. टिलीची एक बादली निघाली, तीत दगड. गेल्या वर्षी नदीवरून आणलेले. "त्यांना त्यांच्या घरी भेटायला नेत होते," ती म्हणाली. बादली खाली ठेवताना तिनं दगडांची समजूत काढली. सायकली दोन्ही उतरल्या. मग वॉर्विकचा पिझ्झाचा लोखंडी ओव्हन.

"तो नाही," वॉर्विक म्हणाला.

"नदीवर पिझ्झा कोण खातं?"

"आपण. मी पीठ मळून आणलंय."

"पीठ राहू दे. ओव्हन उतरव."

"पीठ घेऊन काय करू मी?"

"तो तुझा प्रश्न."

ओव्हन उतरला. बीअरचा एक खोकाही उतरला, त्याच्यावर वॉर्विकनं हात ठेवून क्षणभर डोळे मिटले. पॉप मधे पडत नव्हते. पाण्याच्या टाकीकडे मात्र मी बघितलं तेव्हा म्हणाले, "तिला हात लावू नकोस पोरी. तिथे प्यायचं पाणी नाही." आमच्यापासून दूर ते मातीतच उभे होते, पिशवी दोन्ही हातांनी धरून. पिशवीतून नव्या पायजम्याची कड दिसत होती.

उतरवलेल्या सामानाचा ढीग आम्ही जुन्या खोलीत नेऊन ठेवला. तिची किल्ली पॉपकडे अजून होती. निवृत्त होताना कोणी परत मागितली नव्हती आणि त्यांनी आठवण करून दिली नव्हती.

"या आता," मी त्यांना म्हटलं. "वर या, काट्यावर."

ते आले, खिडकीपाशी उभे राहिले. वॉर्विक आणि पोरी गाडीत बसल्या. मी शेवटची सायकल ठेवून येत होते, म्हणून त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर होते. त्यांना माहीत नव्हतं मी एवढी जवळ आहे.

हा काटा वीस-वीस किलोंनी चालतो. आकडा एकदा हलला, आणि थांबला. पाच हजार दोनशे वीस.

पॉप बघत राहिले. बराच वेळ. वॉर्विकनं हॉर्न वाजवला. "किती?"

"पाच हजार दोनशे," पॉप मोठ्यानं म्हणाले. "बरोबर आहे."

आणि वळले, तर समोर मी.

एकतीस वर्षांत त्या खिडकीतून खोटा आकडा बाहेर आला नव्हता. सासऱ्यांसाठी नाही, कोणासाठी नाही. त्यांचे कान लाल झाले. मग ते हळूच म्हणाले, "वीस किलो इकडेतिकडे होतंच गं." शेतकरी त्यांना हंगामभर हेच म्हणायचे, आणि ते त्यांना परत पाठवायचे. म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बुटांकडे बघितलं. एवढं यायचं होतं या माणसाला. आणि आम्ही गेल्या वर्षी टोमॅटोंवर विश्वास ठेवला.

"होतंच," मी म्हटलं. "किल्ली द्या. कुलूप लावून येते."

त्यांनी किल्ली दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला. नंतर तो नीट लागलाय का ते दोनदा ओढून बघितलं.

आता मला एक कबूल करायला हवं. सगळ्यांचं सामान उतरवताना माझ्या बॅगेबद्दल कोणी विचारलं नव्हतं आणि मीही विषय काढला नव्हता. मोठी बॅग, चार दिवसांचे कपडे, चार जोड पादत्राणं, केस वाळवायचं यंत्र, एक जाड कादंबरी आणि थंडी पडली तर म्हणून कोट. ती मी मागून उचलली, खोलीत नेऊन पिझ्झाच्या ओव्हनवर ठेवली, कुलूप लावलं आणि गाडीत येऊन बसले. एवढा वेळ का लागला, असं वॉर्विकनं विचारलं. कुलूप जुनं आहे, मी म्हटलं.

 नदीवर पोचेपर्यंत प्रत्येक उतारावर पॉपचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

चार दिवस मी वॉर्विकचे शर्ट घातले. वॉर्विकचं माप आणि माझं माप यात फार फरक आहे. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. इमोजनच्या लक्षात आलं होतं, पण तिला वाटलं फॅशन आहे आणि तिनं मला माझ्या वयाची जाणीव करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉप शेगडीवर सॉसेज परतत होते. अंगात नवा पायजमा. मी गुडघ्यापर्यंत येणारा, हार्डवेअरच्या दुकानाचं नाव लिहिलेला शर्ट घालून समोर जाऊन बसले. त्यांनी शर्टाकडे बघितलं, पायांकडे बघितलं. मी वॉर्विकच्याच चपला घालून आले होते.

"तुझी बॅग कुठेय केरिन?"

"राहिली."

"कुठे?"

"तुमच्या खोलीत. कुलूप लावलंय."

सॉसेज चरचरत होते. त्यांनी एकेक उलटलं. वॉर्विक झाडापलीकडे नदीत टिलीला गळ टाकायला शिकवत होता, म्हणजे गळ झाडात अडकवत होता.

"किती होती?" पॉपनी विचारलं.

"घरी तोलली होती. सतरा."

त्यांनी मान हलवली.  मला वाटलं आता टोमॅटो काढतात की काय.

"म्हणजे तीन किलो मी अजून जास्तच आहे," ते म्हणाले, आणि ताटलीत आणखी एक सॉसेज घेतलं.