वसुबारसेपर्यंत

बैठकीला सात विश्वस्तांपैकी तीन जण आले, त्यातला एक मी. मी धोंडीराम. अंबडला कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर उभं राहून काढली, आता दुखरे गुडघे आणि ही संस्था एवढंच उरलंय. संस्था म्हणजे दिंडोरी रोडवरचं आमचं वसतिगृह. ज्यांची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही अशी सव्वीस माणसं तिथं राहतात, कागदी पिशव्या करतात, पणत्या रंगवतात, हार ओवतात. सगळ्यात लहान चोवीसचा, सगळ्यात मोठा साठीला टेकलेला. तरी आम्ही त्यांना मुलंच म्हणतो, कारण ती आमची मुलं आहेत. माझी मैना एकोणचाळीसची आहे.

विश्वस्त म्हणजे आम्हीच, त्यांचे आईबाप नाहीतर भाऊबहिणी. पगार नाही, मान नाही, वर बोलणी खायची. वीस वर्षं मी सचिव आहे. दरवर्षी राजीनामा लिहितो आणि दरवर्षी अध्यक्षीणबाई, म्हणजे योगिनीताई, तो घडी घालून पर्समध्ये ठेवतात आणि म्हणतात, "वाचते हं आप्पा सवडीनं." बहात्तर वर्षांच्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढं आवाज चढवायची माझी अजून छाती होत नाही. तिसरा राकेश, दिंडोरीचा द्राक्षबागायतदार. त्याचा थोरला भाऊ दीपक आमच्याकडं असतो. बागेची छाटणी चालू असताना तो आला होता, हातांना अजून औषधाचा वास येत होता, आणि दर पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजत होता. बाकी चार जण कुणाचं लग्न, कुणाची शुगर असं कळवून घरी बसले होते. तिघं असले की बैठक चालते, तेवढी अक्कल आम्ही सुरुवातीलाच दाखवली होती.

विषय एकच होता, फकिरा.

फकिरा सेहेचाळीसचा. त्याची आई गोजराबाई मखमलाबादला झेंडू करायची आणि पंचवटीच्या फुलबाजारात विकायची. श्रावणात ती गेली. खुरपताना बसली ती उठलीच नाही. दहाव्याला रामकुंडावर फकिराला आम्हीच घेऊन गेलो. डोकं भादरून घेताना तो हसत होता, गुदगुल्या होतात म्हणून. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, "आई गेली." आणि सांगून झालं की विचारतो, "कधी येणार?"

आता हे दिवाळीत का आलं, तर आमच्याकडं दिवाळीला वसतिगृह आठ दिवस बंद असतं. सेविकांना पण घर आहे. वसुबारसेच्या दिवशी पालक येतात, आपापलं माणूस घेऊन जातात, आणि फाटकाला कुलूप लागतं. आणि नियम अकरा असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत पालकांनी आपल्या पाल्यास वसुबारसेपर्यंत घरी न नेल्यास त्याचा प्रवेश रद्द समजून त्यास नातेवाइकांच्या हवाली करण्यात येईल.

हा नियम कुणी लिहिला? मीच की. वीस वर्षांपूर्वी, टेबलावर मूठ आपटून. तेव्हा लोक यायचे, पोरगं सोडायचे आणि गायब व्हायचे. पत्ता खोटा, फोन बंद. एकानं तर मुलाला फाटकात उभं करून "चहा पिऊन येतो" म्हणून सांगितलं आणि तो माणूस आजतागायत चहाच पितोय. मी म्हणालो होतो, वर्षातून आठ दिवस पोराला घरी न्यायची लाज नसेल तर त्याला ठेवून घ्यायला आपण काय धर्मशाळा काढली आहे? सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम चांगलाच चालला. गोजराबाई तर अठरा वर्षांत एकदाही चुकली नाही, फुलांच्या रिकाम्या क्रेटवर फाटकाबाहेर सकाळी सातला बसलेली असायची.

पण त्या नियमात आईबाप मेले तर काय, हे कुठंच नाही. मी त्या दिवशी सगळी नियमावली पुन्हा वाचली, चष्मा पुसून वाचली. मृत्यू हा शब्दच नाही. आपल्यामागं पोरांचं काय, या एका काळजीनं आम्ही चाळीस आईबापांनी ही संस्था उभी केली, आणि नियम असे लिहिले की जसं काही आम्ही अमरपट्टा घेऊन आलोय. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. आमच्या हातानं तो शब्द लिहवलाच नाही.

"नातेवाईक कोण आहे त्याचा?" योगिनीताईंनी विचारलं.

"चुलतभाऊ आहे, कारभारी," मी म्हणालो. "मी जाऊन आलो."

कारभारी वाईट माणूस नाही. त्यानं मला चहा दिला, पोह्यांचा आग्रह केला. मग खोली दाखवली. गोठ्याला लागून, वर पत्रा, आणि कडी बाहेरून. तो म्हणाला, "आमी दोघं बी मळ्यात असतो दिसभर. त्यानं रस्ता धरला तर? कडी लावावीच लागंल, आप्पा. जेवायला देऊ, तेवढं काय नाय. पन बायकोला लय नाय जमायचं." खरं बोलला बिचारा. मी त्या कडीला हात लावून बघितला. नवीन होती, त्यानं आणून बसवलीसुद्धा होती. घरी आलो आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

हे सगळं बैठकीत सांगितलं. आमच्याकडं मतदान नसतं. मुलांच्या बाबतीत आईबापांनी हात वर करून एकमेकांना पाडायचं नाही, असं पहिल्याच दिवशी ठरलेलं. सगळे हो म्हणतील तेव्हाच ठराव, एक जण जरी नको म्हणाला तर परत बसायचं. त्यामुळं आमच्या बैठका सरकारी खटल्यासारख्या चालतात.

मी म्हणालो, "नियम बदलू. ज्याला कुणी नाही तो दिवाळीत पण इथंच राहील, कायमचा राहील."

राकेश म्हणाला, "नको."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो तापट नाही, उर्मट तर अजिबात नाही. शांतपणे म्हणाला, "आप्पा, आज एक राहिला की पुढच्या वर्षी दहा राहतील. 'आम्हाला जमत नाही' असं सगळेच म्हणतील. मग न्यायला येणार कोण? हे तुमचंच म्हणणं आहे. मी इतिवृत्ताची जुनी वही वाचून आलोय."

आता काय बोलणार? माझेच शब्द, माझ्याच अक्षरातले. माणसानं अक्षर इतकं सुवाच्य काढू नये.

बाजूला स्नेहल बसली होती, वसतिगृहाची अधीक्षिका. सटाण्याकडची पोर, आठ वर्षं आमच्याकडं राबते. ती विश्वस्त नाही, तिला फक्त माहिती द्यायला बसवतो आम्ही. ती म्हणाली, "सर, मी बोलू का? फकिराला कुणी आपल्या घरी नेतो म्हणाल तर तेही नको. नव्या घरात तो घाबरतो, भिंतीवर डोकं आपटतो. मागं दवाखान्यात एक रात्र ठेवला तर चार टाके पडले. आणि मी यंदा थांबू शकणार नाही. तीन दिवाळ्या मी कुणा ना कुणाच्या आजारपणात इथंच काढल्या. माझी आई आता फोनवर बोलत पण नाही." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं.

राकेशचा फोन वाजला, त्यानं कापला. मला इतका कंटाळा आला होता की तिथंच टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं. या माणसाला खोलीत कोंडू नये एवढं साधं म्हणणं, आणि त्यासाठी मी दोन तास माझ्याशीच भांडत होतो.

शेवटी मी विचारलं, "राकेश, तू नसलास तर दीपकला दिवाळीला कोण नेणार?"

"माझा मुलगा."

"त्याला विचारलंस?"

त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, पाडव्याला येतो आणि भाऊबीज झाली की जातो. राकेश म्हणाला, "नाही विचारलं. विचारायची भीती वाटते." मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "ठीक आहे. बदला नियम. पण माझी एक अट. स्नेहलताईंवर आणि सेविकांवर हे टाकायचं नाही. कुणीतरी विश्वस्तानं स्वतः येऊन राहायचं. आणि यंदा माझी छाटणी आहे, मजूर ठरलेत."

योगिनीताईंनी आपल्या गुडघ्याकडं बघितलं. मार्चमध्येच ऑपरेशन झालेलं, जिना चढता येत नाही. राकेशनं फोनकडं बघितलं. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं.

"राहतो मी," मी म्हणालो. लोक नंतर म्हणाले आप्पांचं मन मोठं. कसलं मोठं आणि कसलं काय. बैठक एकदाची संपावी म्हणून मी हो म्हणालो.

घरी पोचेपर्यंत मैनाची आठवण झाली नाही, हे सांगायला लाज वाटते. मैना वर्षभर दिवाळीची वाट बघते. घरी यायचं, आईच्या फोटोला हार घालायचा, शेजारच्या अक्काबाईंकडं करंज्यांना मुरड घालायला बसायचं, आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून रोषणाई बघायला जायचं. तिचं सगळं ठरलेलं असतं, त्यात इकडचं तिकडं झालेलं तिला चालत नाही. आणि ती घरी गेली तर मी वसतिगृहात कसा राहणार? म्हणजे तिलाही राहावं लागणार.

वसुबारसेला सगळे गेले. दीपक गेला, योगिनीताईंचा मुलगा रिक्षात बसून गेला. स्नेहल सटाण्याच्या बसला गेली. मैना नवा ड्रेस घालून व्हरांड्यात उभी होती. मी सांगितलं, "मैना, यंदा आपण इथं दिवाळी करायची. फकिराला कुणी नाही ना."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग फकिराकडं बघितलं. "फकिरा घाण," म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली.

तीन-चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. धनत्रयोदशीला जेवली नाही. नरकचतुर्दशीला मी पहाटे उठून पाणी तापवलं, उटणं लावू म्हटलं तर माझा हात झटकला. फकिरा बिचारा तिच्या मागं मागं "मैना, फूल," करत झेंडूची फुलं घेऊन हिंडत होता, आणि ती प्रत्येक फूल उचलून खिडकीतून बाहेर टाकत होती. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही तिघं. मी स्वयंपाक करायचो, भात करपवायचो, आणि स्वतःला शिव्या घालायचो. एका माणसाला खोलीतून सोडवायला मी माझ्या पोरीची वर्षाची दिवाळी मोडली. हे बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही.

पाडव्याच्या दिवशी दुपारी मी भांडी घासायला बसलो. गुडघे वाकत नाहीत, म्हणून पाटावर. मैना येऊन शेजारी बसली आणि घासलेली ताटं विसळायला लागली. मी मान खाली घालून घासत राहिलो, बोललो तर उठून जाईल अशी भीती. फकिरा जरा पलीकडं पायरीवर हार ओवत बसला होता. सुई त्याच्या हातात अशी चालते की बघत राहावं.

"फकिराची आई मेली," मैना म्हणाली.

"हो."

"म्हणून तो इथं."

"हो, म्हणून."

तिनं एक ताट दोनदा विसळलं. "आप्पा, तू पण मरणार?"

वीस वर्षं मी याच विषयावर बैठका घेतल्या. आमच्यानंतर काय, आमच्यानंतर कोण. भाषणं केली, देणगीदारांपुढं हात जोडले. आणि जिचं काय व्हायचं ते तिला एकदाही सांगितलं नव्हतं. तिला कळणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

"हो," मी म्हणालो. "कधीतरी."

"मग मी इथं."

"हो. तू इथंच राहायचं. कुणी तुला कुठं नेणार नाही. तसा नियम झालाय आता."

"दिवाळीला पण?"

"दिवाळीला पण."

तिनं अजून एक ताट नळाखाली धरलं. नळ चालूच होता. मग म्हणाली, "तेव्हा तू नसणार. मग दिवाळीला माझ्याजवळ कोण राहणार?"

योगिनीताईंचे गुडघे, राकेशची छाटणी, त्याचा पुण्याचा मुलगा, बैठकीला न आलेले चार जण, सगळे एकामागोमाग डोळ्यांपुढून गेले. एकाचंही नाव मला तोंडातून काढता येईना. कागदावर तर लिहिलं होतं, कुणीतरी विश्वस्त राहील म्हणून. पण पोरीच्या तोंडाकडं बघून 'कुणीतरी' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मैना माझ्या उत्तराची वाट बघून कंटाळली. मान वळवून तिनं हाक मारली, "फकिरा, आप्पा मेला की दिवाळीला तू राहशील माझ्याजवळ?"

"राहीन," फकिरा म्हणाला. त्यानं सुई थांबवलीसुद्धा नाही.

"बरं," मैना म्हणाली, आणि माझ्या हातातलं पातेलं ओढून घेतलं, कारण मी ते घासायचं सोडून नुसतंच धरून बसलो होतो. मग माझ्याकडं बघून वैतागली. "रडतोस काय आप्पा? तो राहणार आहे ना."