‘नाइस’ची नोंद

मी कोशात लिहिलेल्या अर्थाप्रमाणे माझी बायको वत्सला वागू लागली, त्याला आज सहा दिवस झाले.

चूक माझीच. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत शब्दाचे अर्थ आजच्यापासून मागे, थेट मुळापर्यंत लिहितात. दिवसाला एक अर्थ, आणि सगळ्या अर्थांना मिळून उदाहरणाचं वाक्य एकच. त्यात खऱ्या माणसाचं नाव घालायचं नाही, हा पहिला नियम. माझ्याकडे ‘नाइस’ आला तेव्हा मी लाडात येऊन लिहून बसलो : वत्सला नाइस आहे.

पहिला अर्थ ‘छान’. वत्सला छानच होती, त्यामुळे मला काही कळलं नाही. दुसरा ‘काटेकोर’. घरी गेलो तर ती पोळ्या पट्टीने मोजत होती. तिसरा ‘चोखंदळ’. तिने माझ्या हातचा चहा नुसता हुंगून परत केला. चौथा ‘बुजरा’. लग्नाला एकवीस वर्षं झालेली माझी बायको दाराआडून बोलली. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. पाचवा ‘खुळा’. ती दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांना वरणभात भरवत होती. मी मोरीत जाऊन रडलो.

दर अर्थाला कचेरीतली माझी खोलीही आखडत गेली. आज टेबल आणि भिंत यांच्यामध्ये मी जेमतेम मावलो.

“साहेब, वाक्य बदलू द्या,” मी मुख्य संपादक काटदऱ्यांना म्हणालो.

“पाच अर्थ छापून झालेत, टिकेकर. मूळ तेवढं राहिलंय.”

“मूळ लॅटिन आहे. ‘न जाणणारा’.”

“मग लिहा की. दोनच शब्द आहेत.”

“ती मला ओळखणार नाही हो.”

“चारच्या आत नोंदीचं कार्ड पाठवा,” ते म्हणाले.

मी लिहिणार नव्हतो. पेन खिशात घातलं, खिशावर हात दाबून धरला. तरी टेबलावरच्या कार्डावर माझ्याच अक्षरात ते दोन शब्द उमटले.

मी धावत घरी आलो. वत्सलाने दार उघडलं. रोज ‘अहो, आलात?’ म्हणते.

“कोण हवंय आपल्याला?”

“वत्सला,” एवढंच म्हणालो.

“थांबा हं, बघते.”

ती आत वळली आणि एकेका खोलीत डोकावून हाक मारू लागली, “वत्सला! अगं वत्सला!” आमच्या घराला दोनच खोल्या आहेत. ती सातव्या खोलीत शिरली तेव्हाही मी उंबऱ्याबाहेर उभा होतो.