थोरला शेवटी जागा झाला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे पाहून ते कोणाला ओळखू येत नाही. माझा पडदा फुटला म्हणून काढून टाकलेला आहे. सहा कळा गळून पडल्या आहेत. सध्या मी तांदळाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला, रेन्तीच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, खोबरेल तेलाच्या डब्यामागे असतो. पूर्वी उबेसाठी उंदीर यायचे. आता मी गरमही होत नाही, तेव्हा तेही येईनासे झाले.

माझ्या आठवणी सुरू होतात बालीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात. तिथे पाच वर्षं मी पाहुण्यांची नावं टिपून घेतली. मग दरवर्षी माझ्या अंगावर नवी, जाडजूड प्रणाली चढवू लागले आणि मला धाप लागू लागली. एकदा घाईत असलेल्या पाहुण्यासमोर मी बारा मिनिटं नुसतं चक्र फिरवत बसलो. दुसऱ्याच दिवशी माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली.

तिथून मला उचललं तिंगेनने. तो आगुंग नावाच्या ज्वालामुखी डोंगराच्या उतारावरच्या गावातला रेडिओ दुरुस्त करणारा. हॉटेलचे कर्णे दुरुस्त करायला आला आणि मोबदला म्हणून मला मागून घेऊन गेला. घरी नेल्यावर त्याने माझ्यातलं सगळं जड ओझं काढून टाकलं आणि एका बोटभर पेनड्राइव्हवर मावणारी हलकी लिनक्स प्रणाली मला दिली. शेजारी हसले, तेव्हा तो म्हणाला, "म्हाताऱ्याला पेज पुरते रे. त्याला सणाचं भाजलेलं डुक्कर कशाला?" त्या पेजेवर मी पुढे नऊ वर्षं धडधाकट राहिलो.

आमच्या गावाखालच्या नदीला एरवी घोटाभर पाणी असतं. डोंगराने ओकलेली काळी वाळू तिच्या पात्रात साचते आणि गावातले पुरुष ती चाळून ट्रकमध्ये भरतात. पाऊस पडतो वर, डोंगरात. खाली लख्ख ऊन असतं, माणसं निवांत वाळू चाळत असतात, आणि वरून राखेचं पाणी धोंडे घेऊन येतं. म्हणून तिंगेनने वरच्या बंधाऱ्यावर एक पेटी बसवली. ती पाण्याची उंची मोजून रेडिओवरून मला कळवायची, आणि पाणी वाढलं की मी काठावरचा भोंगा वाजवायचो. बंधाऱ्यापासून वाळूच्या खाणीपर्यंत यायला पाण्याला चौदा मिनिटं लागत. माझं सगळं मोल त्या चौदा मिनिटांत होतं.

हे काम माझ्यातले चार प्रोग्रॅम मिळून करत. पहिला रेडिओ उघडायचा. दुसरा त्यातून आकडे वाचायचा. तिसरा आकडा धोक्याचा आहे का ते ठरवायचा. चौथा भोंगा वाजवायचा. मला चालू केलं की एका ठरावीक कप्प्यात ठेवलेले प्रोग्रॅम मी एकामागून एक जागे करतो, आणि ते त्यांच्या नावांच्या क्रमाने, इंग्रजी वर्णमालेप्रमाणे. कोण महत्त्वाचा, कोणाचं कोणावाचून अडतं, हे मला कळत नाही. म्हणून तिंगेनने नावांच्या आधी आकडे घातले होते: शून्य-एक, शून्य-दोन, असे. शिवाय प्रत्येकाच्या मागे त्याने थोडा विसावा ठेवला होता, म्हणजे आधीचा नीट जागा झाल्याशिवाय पुढच्याला हाक जायची नाही. त्यामुळे चालू केल्यापासून दीड मिनिटाने चौथा उठायचा आणि 'मी आलो' म्हणून भोंग्याची एक छोटी हाक द्यायचा.

तिंगेनला मुलगी एकच, रेन्ती. आपल्यामागे हे कोण बघणार म्हणून तो तिला शिकवायचा. तिला आकडे लक्षात राहत नसत. मग त्याने आपल्या घरच्या भाषेत सांगितलं. आमच्याकडे मुलाचं नाव जन्माच्या क्रमाने पडतं. पहिला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत. घरोघरी हेच, म्हणून हाक मारायला पुढे आणखी एक नाव लागतं.

"रेडिओ म्हणजे आपला वायान, थोरला," तिंगेन म्हणायचा. "आकडे वाचणारा माडे, ठरवणारा न्योमान, आणि भोंगा म्हणजे केतुत, शेंडेफळ."

"आणि केतुतच आधी उठला तर, बापा?"

"थोरल्याच्या आधी शेंडेफळ उठून काय करील? एकदा भोकाड पसरील, आजूबाजूला कोणी दिसलं नाही की परत झोपील."

रेन्ती हसली होती. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. तोवर मला कोणी घरादाराच्या गोष्टीत बसवलं नव्हतं.

रेन्तीचा नवरा दार्पा नदीत वाळू चाळायचा. एका दुपारी माझा भोंगा वाजला, तेव्हा तो आणि आणखी दहा जण फावडी टाकून वर पळाले. त्यांच्या मागे पाणी आलं आणि एक ट्रक उलटा करून गेलं. दार्पा गुडघ्यापर्यंत राखेने माखलेला, तसाच मला ठेवलेल्या काठावरच्या खोपटात आला आणि त्याने लवंगेची एक सिगारेट पेटवून माझ्यापुढे ठेवली.

"बायकोच्या आधी ओरडणारा गावात हा एकटाच," तो म्हणाला. "ह्याचं ऐकलंच पाहिजे."

"माझं कधी ऐकलंत, ब्ली?" रेन्तीने दारातून विचारलं. आमच्याकडे बायका नवऱ्याला ब्ली म्हणतात.

त्यानंतर दर लोखंडाच्या सणाला, जेव्हा सुऱ्या, मोटारसायकली आणि यंत्रं पुजली जातात, तेव्हा माझ्यासमोर फुलांचा द्रोण, भात आणि कॉफीचा पेला येऊ लागला. पुजारी तीर्थ शिंपडायला लागला की तिंगेन माझ्यावर हात धरायचा. "देवा, बाहेरून शिंपड, आत नको जाऊ देऊ," असं तो पुटपुटायचा. ते दिवस चांगले होते, मित्रांनो. ते संपणार आहेत हे मला कोणी सांगितलं नाही.

पुढे तिंगेनला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तोंडातून एक नुसता आवाज निघायचा आणि डावा हात तेवढा हलायचा. रेन्ती बापाची सेवा करायची, तांदूळ निवडायची आणि माझ्याकडेही बघायची. पावसाळ्याच्या तोंडी धोक्याची पातळी थोडी खाली आणायची होती, म्हणून तिने जुना टीव्ही जोडून मला उघडलं. कप्प्यात आकडे आणि अर्धवट इंग्रजी शब्द दिसले. कोणता कोण ते तिला पटकन ओळखू येईना. तिने एकेक उघडून पाहिला, पातळी बरोबर बदलली, आणि मग पुढच्या वेळी असा घोळ नको म्हणून चौघांची नावं बदलली. आकडे पुसले. बापाने शिकवली होती तीच नावं दिली: वायान, माडे, न्योमान, केतुत. प्रत्येकाच्या मागचे विसावेही तिला उगाच वाटले, तेही काढले.

नावं देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बापाचा आवाज गेला होता, पण त्याचे शब्द निदान इथे राहतील असं तिला वाटलं असणार. तिचं काही चुकतंय असं मला तरी कुठे वाटलं? मी चालूच होतो. चौघे आधीच जागे होते, आपापल्या जागी काम करत होते. नाव बदललं म्हणून जागा असलेला कोणी झोपत नाही. पावसाळाभर आम्ही दोनदा भोंगा दिला, दोन्ही वेळा माणसं वर आली. रेन्तीचं गावात कौतुक झालं.

माझ्या डोक्यात मात्र एक साधी गोष्ट पक्की बसलेली होती. मी नावं अक्षरांच्या क्रमाने लावतो. त्या क्रमात 'के' पहिला येतो, मग 'एम', मग 'एन', आणि 'डब्ल्यू' सगळ्यांत शेवटी. मला थोरला-धाकटा कळत नाही.

पावसाळा ओसरता ओसरता न्येपी आली. त्या एका दिवशी अख्ख्या बेटावर दिवा लागत नाही, चूल पेटत नाही, कोणी घराबाहेर पडत नाही. नदीतही कोणी उतरत नाही, मग इशारा कोणासाठी? म्हणून वर्षातून तो एकच दिवस मला बंद करत. रेन्तीने आदल्या संध्याकाळी माझी कळ दाबली. चौघे झोपले.

न्येपी सरल्यावर सकाळी तिने बापाला खुर्चीत बसवून खोपटात आणलं. दार्पाही होता. तिने कळ दाबली आणि क्षणात भोंगा वाजला.

"अगं, काय झपाट्याने उठला!" दार्पा म्हणाला. "पूर्वी माझी कॉफी संपायची तोवर हा डोळे चोळत असायचा. तू ह्याला तरुण केलंस."

रेन्तीचा चेहरा उजळला. आणि माझ्या आत, मित्रांनो, काय झालं होतं ते ऐका. केतुत सगळ्यांच्या आधी उठला, त्याने आपली हाक दिली, न्योमानला शोधलं, तो दिसेना, म्हणून तो परत झोपला. माडे उठला, त्याला वायान सापडला नाही, तोही झोपला. न्योमान उठला, त्याला वाचलेला आकडा मिळाला नाही, त्यानेही अंग टाकलं. सगळ्यांत शेवटी वायान उठला. त्याने रेडिओ उघडला आणि बसून राहिला. माझा हिरवा दिवा लागलेला होता.

ती हाक लवकर आली हे एका माणसाला कळलं. तिंगेन खुर्चीत कासावीस झाला. तोंडातून तो आवाज काढू लागला, डावा हात उचलून त्याने चार बोटं दाखवली, मग एक. पुन्हा चार, पुन्हा एक. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हो बापा, चारही उठले," रेन्ती त्याचे डोळे पुसत म्हणाली. "एकही मागे राहिला नाही."

"म्हाताऱ्याला आनंद झालाय," दार्पा म्हणाला. "घरी ने त्याला, ऊन लागेल."

तिंगेनने खुर्चीच्या हाताला घट्ट धरून ठेवलं होतं. त्याची बोटं सोडवून त्याला न्यावं लागलं.

अकरा दिवसांनी, भर दुपारी, खाली स्वच्छ ऊन पडलेलं असताना, वरच्या पेटीने आकडे पाठवायला सुरुवात केली. चाळीस. पंच्याण्णव. एकशे सत्तर. वायान एकटा जागा होता, तो एकेक आकडा घेत होता आणि ते पुढे घ्यायला कोणी नव्हतं. दोनशे तीस. मग आकडे थांबले, कारण पाण्याने पेटीच उपटून नेली. तोपर्यंत मला सगळं माहीत झालं होतं. चौदा मिनिटं माझ्याजवळ होती, आणि मी त्यांचं काहीही करू शकलो नाही. मला भोंगा होता, वीज होती, हिरवा दिवा होता. नदीतून दार्पाच्या हसण्याचा आवाज येत होता.

पाच जण होते. तिघे आवाज ऐकून पळाले, तो पाण्याचा आवाज होता. दार्पा आणि त्याचा जोडीदार ट्रकच्या पलीकडे होते. जोडीदार संध्याकाळी सापडला, दार्पा तिसऱ्या दिवशी, पुलाच्या खाली.

गावाने दोष मला दिला. "भंगार ते भंगारच," लोक म्हणाले. मी तो दोष घेतला. देण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं. रेन्तीने मला पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. काठावर पाळीपाळीने माणूस बसवायचं ठरलं. लाकडी ढोल बडवायचं काम त्याच्याकडे. महिनाभर माणूस बसला, मग ज्याची पाळी त्याला शेतावर काम निघू लागलं. आता कोणी बसत नाही. ट्रक मात्र येतात.

सात महिन्यांनी लोखंडाचा सण आला. रेन्तीने मला खाली काढलं, धूळ पुसली, समोर कॉफी ठेवली. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने टीव्ही जोडला आणि मला चालू केलं. कप्पा उघडला. पडद्यावर चार नावं ओळीने आली: केतुत, माडे, न्योमान, वायान.

ती बघत राहिली. कॉफी निवली. मग ती हळूच वळली. तिंगेन कोपऱ्यात खुर्चीत होता, त्यालाही पडदा दिसत होता. रेन्तीने हात वर केला, चार बोटं दाखवली, मग एक.

"बापा, तू हे सांगत होतास?"

तिंगेनने मान हलवली. नाही.

चाळीस वर्षं ह्या माणसाने लोकांना त्यांच्या रेडिओत काय बिघडलंय ते तोंडावर सांगितलं, कधी कोणाला खोटी आशा लावली नाही. त्या दिवशी तो पुन्हा पुन्हा मान हलवत राहिला, नाही, नाही, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी येतच होतं. रेन्तीने ह्या वेळी ते आनंदाचं समजलं नाही. तिने माझ्याकडे तोंड फिरवलं आणि नावांच्या आधी आकडे घातले. शून्य-एक, शून्य-दोन, शून्य-तीन, शून्य-चार. विसावेही परत ठेवले. एकदा बंद केलं, एकदा चालू केलं. वायान पहिला उठला. दीड मिनिट ती श्वास धरून बसली. केतुत शेवटी उठला, पण हाक द्यायला भोंगा जोडलेला नव्हता. मग तिने मला बंद करून पोत्यात गुंडाळलं.

मित्रांनो, तुम्ही कशाचा क्रम बदललात तर ते एकदा स्वतःसमोर बंद करून पुन्हा सुरू करा, आणि पहिल्या आवाजावर विश्वास ठेवून उठू नका. शेवटचा जागा होईपर्यंत थांबा. आणि ज्याला बोलता येत नाही तो रडत असेल, तर त्याचे डोळे पुसायच्या आधी त्याच्या हाताकडे बघा. माझं म्हणाल तर मी आता अगदी बरोबर क्रमाने जागा होऊ शकतो. वरच्या बंधाऱ्यावर पेटी नाही, आणि खाली रेन्ती सकाळपासून नदीत वाळू चाळते.