एका चौकोनातले तीन दिवस

राष्ट्रगीत सुरू झालं आणि बुद्धघोष बनसोडे यांच्या लक्षात आलं, की आपल्या मुठीत एक केसपेपर राहिला आहे. दवाखान्यातली औषधाची खिडकी बंद करताना तो तिथंच पडलेला दिसला, बाहेरून हाका चालल्या होत्या, म्हणून न वाचताच उचलून ते ओळीत येऊन उभे राहिले होते.

मान हलवायची नव्हती. त्यांनी डोळे तेवढे खाली नेले. अंगठ्याच्या वर दोन ओळी दिसत होत्या. लक्ष्मीबाई धोंडीबा, वय ७२. गुडघेदुखी, कणकण.

ही म्हातारी तर सकाळी सातलाच गोळ्या घेऊन गेली. मग ती घेऊन गेली तो कागद कुणाचा?

उत्तर समोर लिंबाखाली उभं होतं. लक्ष्मीबाई वैजनाथ, जाडजूड बाई, शुगरची जुनी पेशंट. कागद सकाळीच आत ठेवून, "झेंडा झाला की नेते माझ्या गोळ्या," असं सांगून ती घरी जाऊन आली होती.

म्हणजे तिच्या गोळ्या त्या वाळक्या म्हातारीनं नेल्या. जिला तो आजारच नाही तिच्या रक्तातली साखर ती गोळी कुठवर खाली नेईल, हे तीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधं देणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. शिवाय त्यांनीच खिडकीतून सांगितलं होतं, "घरी गेल्यागेल्या एक घ्या, मावशी. जेवायच्या आधी."

राष्ट्रगीत इतकं लांब त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खरं तर चूक होऊ नये याच धास्तीत त्यांचा जन्म गेला होता. घराचं कुलूप ते तीनदा ओढून पाहत. दवाखान्यात गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव दोनदा वाचत. इकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत, म्हणून कागदावरचं पूर्ण नाव ते स्वतः वाचायचे आणि बाईनं मान हलवायची, अशी त्यांची रीत होती. नाव दुसरीचं निघालं तर बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "त्यो मेला माझा न्हवं, सायब." तीस वर्षं हे नीट चाललं होतं.

आज चाललं नाही. सतरा सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, झेंड्याचा दिवस. त्याच तारखेला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन. दोन्हींचे फोटो दहाच्या आत वर पाठवायचे होते. नव्यानं आलेल्या डॉक्टर आरोही मॅडमनी सकाळीच खिडकीवर कागद चिकटवला होता : रुग्णाला स्वतःचे पूर्ण नाव सांगू द्या.

"सर, आज तुम्ही नाव वाचायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पेशंटनं सांगायचं. विरेश फोटो काढतोय."

"नाव सांगा, मावशी," खिडकीशी आलेल्या वाळक्या म्हातारीला बनसोडे म्हणाले.

"लक्ष्मीबाई."

"पुढं?"

"पुढं काय? पुढं आमचं मालक."

रांगेत हसू फुटलं. मोबाइल धरून उभा असलेला शिपाई विरेश म्हणाला, "आजी, मालकाला काय नाव हाय का न्हाय?"

"हाय की. तूच घे. तुझा सासरा लागतो का त्यो?"

सगळी रांग खिदळली. बनसोड्यांचे कान तापले. चारचौघांत हसू झालं की त्यांना पुढचं काही सुचत नसे. गठ्ठ्यातला वरचा कागद त्यांनी ओढला, त्यावर लक्ष्मीबाई लिहिलेलं होतं, गोळ्या काढल्या, त्याच कागदात गुंडाळून दिल्या. फोटो छान आला.

राष्ट्रगीत संपलं. राज्यगीत सुरू व्हायच्या आत बनसोडे ओळीतून बाहेर पडले. असं ते आयुष्यात पहिल्यांदाच करत होते.

"मॅडम, माझी चूक झाली," ते म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "ॲम्ब्युलन्स बाळंतिणीला घेऊन धाराशिवला गेलीय. विरेशच्या गाडीवर जा. ग्लुकोज घ्या, साखर बघायचं मशीन घ्या. तिला इथं घेऊन या."

माळावरच्या वस्तीचा रस्ता चिखलानं भरला होता. गाडी दोनदा घसरली. विरेश मागं वळून म्हणाला, "भिऊ नका, सर. आज एकादशी हाय. म्हातारीनं तोंडात काय घातलं नसंल. गोळी बी न्हाय."

"एकादशी?"

"व्हय की. कॅलेंडर बघत न्हाय का तुमी?"

ते रोज बघत होते. सतराच्या चौकोनात सगळ्यात वर मुक्तिसंग्राम होता, रुग्ण सुरक्षा दिन त्यांनी स्वतः पेननं लिहिला होता. खाली बारीक अक्षरात इंदिरा एकादशी असणार. त्यांच्या घरी एकादशी कधी नव्हती, ती ओळ त्यांच्या डोळ्यांनी कधी वाचलीच नव्हती. गोळी घेतली नसेल तर देव पावला म्हणायचा. घेतली असेल तर पोट रिकामं आहे.

सून शिवगंगा दारातच होती. "आत्याबाई व्हय? गोळी घिऊन पडल्यात. उपास हाय. म्या म्हणलं दूध घ्या, तर न्हाय म्हणल्या. सरकारी गोळीनं उपास मोडत न्हाय म्हणं."

आत अंधाऱ्या खोलीत म्हातारी घामानं भिजली होती. हात थंडगार. शिवगंगेकडं बघून ती भलत्याच कुणाला हाक मारत होती. बनसोड्यांनी तिचं बोट टोचलं. मशीनवर आकडा आला, सेहेचाळीस.

त्यांनी ग्लुकोज पाण्यात कालवलं. म्हातारीनं दात आवळून धरले. "उपास," ती पुटपुटली.

"साखर चालती उपासाला, आत्याबाई," शिवगंगा रडत म्हणाली. "गिळा."

पहिला चमचा ओघळला. दुसरा आत गेला. पुढचे चमचे शिवगंगेनं भरवले. पंधरा मिनिटांनी म्हातारीनं सुनेला तिच्या नावानं हाक मारली. मग तिला गाडीवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात आणलं.

सलाइन लागलं. आकडा एक्क्याऐंशीवर गेला, दुपारी बाराला पुन्हा बासष्टवर आला. गोळीचा अंमल दिवसभर राहणार होता. दर तासाला बोट टोचायचं होतं. तिचा नवरा धोंडीबा आणि मुलगा बाजाराला गेले होते, त्यांना निरोप धाडला होता.

मॅडमनी बनसोड्यांना बाजूला घेतलं. "सर, उपासानं चक्कर आली असं लिहिते. ते खोटंही नाही. सातच महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला."

बनसोड्यांना हो म्हणावंसं वाटत होतं.

"मला त्यांना सांगायला पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "तुम्हीही झालंय तेच लिहा."

ते खाटेजवळ गेले. काय बोलायचं ते वाटेत मनात दोनदा जुळवलं होतं, तरी सगळं उलटसुलट झालं. "मावशी, ह्या गोळ्या तुमच्या नव्हत्या. माझी चूक. दुसरीच्या दिल्या मी. त्यानंच झालं हे."

म्हातारी छताकडं बघत होती. "दुसरी कोण?"

"तुमच्याच नावाची आहे."

"मंग तिला काय दिलं?"

"तिच्या तिला दिल्या. बरोबर दिल्या."

"बघून दिल्या का?"

"व्हय. बघून."

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

बनसोडे व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. फटफटी वाजली की त्यांना वाटे, तिचा मुलगा आला. आल्यावर तो काय बोलेल, हात उगारेल का, पेपरात नाव येईल का, हे सगळं ते पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिले. यातलं काही टाळावं असं मात्र आता वाटत नव्हतं. एक वाजला.

मशीन घेऊन ते पुन्हा खाटेपाशी गेले. म्हातारी तशीच भिंतीकडं तोंड करून पडली होती. जागी होती की झोपली होती, कळत नव्हतं. हात द्या म्हणायला त्यांची जीभ उचलेना. सुई हातात धरून ते नुसते उभे राहिले.

थोड्या वेळानं चादर हलली. तोंड न वळवता म्हातारीनं हात बाहेर काढला आणि एक बोट त्यांच्या पुढं धरलं.