पत्रा कुणी कापला?

आमी कुरुळीचे सुतार. माझ्या ल्योकानं, ज्योतीरामानं, चिंचवडात दुकान टाकलं तवा समदी भावकी फिदीफिदी हसली. "लाकूड सोडून प्लास्टिक कापतोय म्हनं!" हसू द्या मेल्यांना. पिंपरीत नवेनवे कारखाने उठत व्हते आन यंत्राम्होरं लावायला त्यांना काचेवानी आरपार दिसनारं टनक प्लास्टिक लागायचं.

पयलंच मोठं काम आलं, आन नेमकी ल्योकाच्या उजव्या हातावर फळी पडली. हात पट्टीत. कारखान्याच्या साहेबानं मुंबईहून मागवलेला त्याच प्लास्टिकचा मोठा पत्रा दुकानात, त्योबी येकच. चिरला तर दुसरा कवा मिळंल देवाला ठावं, आन दुकानाचं नाव तर कायमचं जायचं.

माझे थोरले दीर दत्तोबा गावाहून आले. करवत उचलून म्हनले, "सरका. सुतारकीत जलम गेला माझा." आधी येका तुकड्यावर हात चालवला, बाभळ कापावी तसा. प्लास्टिक तापून वितळलं, करवत अडकली. त्यांनी हिसका मारला आन तुकडा तडकला. तरी म्हनतात, "मोठ्याला जमंल!"

माझं टाळकंच फिरलं. "भावजी, करवत ठेवा. कौशल्या कापंल."

"बाईमानूस? करवतीला?"

"व्हय! वरीसभर कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करतंय कोन? माझी सूनच ना!"

कौशल्यानं ओरखडे पडू नयेत म्हनून पत्र्यावर चिकटलेला कागद तसाच ठेवला, रेघ मारली, पत्रा फळीवर पक्का दाबून बांधला. बारीक दात्यांची करवत तिरकी धरून हलक्या हातानं वडायला लागली. जळका वास आला की थांबायची, पातं गार होऊ द्यायची. शेवटाला वजनानं तडकू नये म्हनून लोंबता भाग मी दोन्ही हातांनी धरला. पत्रा सुटला, कोपराबी शाबूत! अगं बाई गं, काय सांगू!

साहेब आला. कडेवरनं बोट फिरवून म्हनला, "सुरेख! कुणी कापला?"

ज्योतीरामानं चुलत्याकडं बघितलं आन पुटपुटला, "काकांनी."

आन दीर, बघा, खुशाल मिशीवरनं हात फिरवतायत! मी तोंड उघडनार, तवर कौशल्या म्होरं आली. लगीन झाल्यापून थोरल्यांसमोर चकार शब्द न काढनारी पोर.

"काकांनी न्हाई, साहेब. मी कापला."

साहेबानं पत्रा परत न्याहाळला. "मग पुढचं कामही तुमच्याच हातचं पाहिजे, बाई."

दीर चहा न घेताच उठले. जाऊ द्या. ज्योतीराम मान खाली घालून बसला व्हता. मी सुनेला पोटाशी धरलं, तर तिचे हात लटलट कापतायत.

"अगं, करवत चालवताना तर न्हाई थरथरले!"

"तवा नुसता पत्रा कापायचा व्हता, आत्याबाई."